चवदार तळ्याचं पाणी कुणासाठी होतं?

17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने एका अपिलाचा निकाल दिला. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. वाद महाडच्या चवदार तळ्याचा होता. फिर्यादींचं म्हणणं थोडक्यात असं, की अस्पृश्यांनी या तळ्याचं पाणी घ्यायचं नाही ही रूढी अनादी काळापासून चालत आलेली आहे, म्हणून कोर्टाने ती राखावी. कोर्टाने सांगितलं, तळं नगरपालिकेचं आहे आणि रूढी अनादी असल्याचं तुम्हाला सिद्ध करता आलेलं नाही. अपील फेटाळलं. मूळ दावा लागला होता डिसेंबर 1927 मध्ये. ओंजळभर पाण्याचा कायदेशीर निकाल लागायला नऊ वर्षांहून जास्त काळ गेला.

त्या दाव्यातला 'अनादी' हा शब्द माझ्या डोक्यात अडकून बसला आहे. एक बाजू म्हणते, आमच्या बापजाद्यांनी असंच केलं, म्हणून आम्हीही असंच करणार. दुसऱ्या बाजूकडे दाखवायला असे बापजादेच नाहीत. म्हणजे आहेत, पण त्यांना तळ्यावर येऊ दिलेलं नाही. मग ही दुसरी बाजू कोणाच्या नावाने उभी राहते? अजून न जन्मलेल्यांच्या, असं माझं उत्तर आहे. ते नीट मांडायचं तर आधी हा प्रश्न मला का पडला ते सांगायला हवं.

माझं गाव पोलादपूर तालुक्यात आहे. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला आणि 80 हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात आमच्या तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीलाही दरडी आल्या. त्यानंतर बरेच दिवस मी ज्याला त्याला डोंगर, झाडं, पाऊस, पुढची पन्नास वर्षं असं काहीबाही ऐकवत होतो. एकदा चहाच्या टपरीवर एका मित्राने मला मध्येच तोडलं. म्हणाला, "तू देव मानत नाहीस, आत्मा मानत नाहीस. मेलास की संपलं. मग 2100 साली कोकणात काय होईल याच्याशी तुझं काय देणंघेणं? आम्ही निदान वरून बघणार तरी आहोत."

तो चेष्टेत बोलला, पण प्रश्न खरा आहे. परलोक मानणाऱ्याकडे पुढच्यांची काळजी करण्यासाठी कारण तयार असतं. पुण्य लागतं, पितर तृप्त होतात, आपणच परत जन्माला येऊ शकतो. हे सगळं काढून टाकलेल्या माणसाकडे काय उरतं?

आमच्या तालुक्याला मागे बघायची सवय आहे आणि तिला कारणही आहे. उमरठला तानाजी मालुसऱ्यांचं स्मारक आहे, पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे, आंबेनळी घाट चढून गेलं की प्रतापगड. शाळेच्या सहली तिकडेच जायच्या. महाड वीसेक किलोमीटरवर, पण तळ्यावर सहल गेल्याचं मला आठवत नाही. मी ते तळं पहिल्यांदा नीट पाहिलं ते कॉलेज संपल्यावर.

तर, मार्च 1927. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद 19 आणि 20 मार्चला महाडला भरली. अडीच-तीन हजार माणसं आली, बरीचशी पायी. परिषदेसाठी पाणी विकत घ्यावं लागलं, 40 रुपयांचं, कारण गावातल्या एकाही पाणवठ्यावर या लोकांना जाता येत नव्हतं. कागदावर चित्र वेगळं होतं. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या विधिमंडळाने ऑगस्ट 1923 मध्ये मंजूर केला होता. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे सर्वांना खुले, असा तो ठराव. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे परवानगी मिळून तीन वर्षं झाली होती आणि कोणी पाणी भरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्र्यांनी सुचवलं, की सगळ्यांनी मिळून तळ्यावर जाऊ या. रांग निघाली, बाबासाहेबांनी पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी. थोड्याच वेळात, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि जेवायला बसलेल्यांवर लाठ्या चालल्या. पुढे पंचगव्य घातलेल्या 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

हा सगळा इतिहास बहुतेकांना थोडाफार माहीत असतो. तळ्यावर जायच्या आदल्या दिवशी बाबासाहेब परिषदेत काय बोलले, याकडे मात्र कमी लक्ष जातं. त्या भाषणात मेलेली जनावरं ओढणं सोडा, मृतमांस सोडा, उष्टं मागून खाणं सोडा, शेती करा, शिका असा व्यवहारी भाग मोठा आहे. त्यातच आईबापांना उद्देशून एक बोचरा मुद्दा येतो. आपल्या मुलांची स्थिती आपल्यापेक्षा बरी असावी एवढीही इच्छा ज्यांना नाही, त्या आईबापांत आणि जनावरांत फरक काय, असा त्याचा आशय आहे. देव काय म्हणेल, पुण्य किती मिळेल याचा तिथे उल्लेख नाही. मोजमाप एकच, मूल तुमच्यापेक्षा पुढे गेलं का.

बोलणारा माणूस त्या वेळी कुठल्या अवस्थेत होता हेही बघायला हवं. जुलै 1926 मध्ये त्यांचा धाकटा मुलगा राजरत्न वारला होता. त्याआधी गंगाधर, रमेश आणि इंदू गेलेले. पाच मुलांपैकी यशवंत एकटा उरला होता. राजरत्न जाऊन आठ महिने झाले होते. स्वतःच्या घरातून चार मुलांना पोचवून आलेला हा बाप हजारो अनोळखी लोकांना तुमच्या मुलांचं बघा म्हणत होता. पुढच्या पिढीची काळजी म्हणजे आपल्या रक्ताची ओढ, जीन्सचा खेळ, असं आम्ही इंजिनिअर लोक फार सहज बोलून टाकतो. ते इथे पुरं पडत नाही.

डिसेंबरच्या परिषदेत हाच धागा आणखी स्पष्ट झाला. फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी जागा दिली, म्हणून मंडप उभा राहिला. 25 तारखेला मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे होते गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, जन्माने ब्राह्मण. तळ्यावर कोर्टाची मनाई होती, त्यामुळे पुन्हा पाण्यात उतरणं झालं नाही. अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं, की चवदार तळ्याचं पाणी प्यायलो नाही म्हणून आम्ही मरणार नाही, इतरांसारखीच आम्हीही माणसं आहोत हे ठरवायला आम्हाला तिथे जायचं आहे. 1789 सालच्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेचा दाखला त्यांनी त्या सभेत दिला. मंडप महाडचा, समोर खेड्यापाड्यांतून चालत आलेली माणसं, आणि तुलना कुठली तर व्हर्सायची. मला हे फार आवडतं. स्त्रियांशी वेगळं बोलताना त्यांनी लुगडं नेसण्याच्या पद्धतीपासून मुलींना शाळेत घालण्यापर्यंत सगळं सांगितलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. महाडला जमलेली माणसं नास्तिक नव्हती. बरीचशी देवाधर्माची होती. तळ्याच्या वाटेवर 'हर हर महादेव'ची घोषणाही झाली. तेव्हा 1927 चं महाड म्हणजे परलोक न मानणाऱ्यांचं आंदोलन होतं, असं मी म्हणणार नाही. माझा मुद्दा पुढच्या 29 वर्षांतला आहे.

जातीची व्यवस्था टिकवण्यात पुढच्या जन्माने मोठी मदत केली. मागच्या जन्मी काही केलंस म्हणून या घरात आलास, या जन्मी नेमून दिलेलं काम निमूट कर, पुढचा जन्म बरा मिळेल. चोखोबांसारख्या संतांच्याही काही अभंगांत आपल्या जन्माचा संबंध मागच्या कर्माशी लावलेला दिसतो. या हिशेबात भविष्य कोणाचं असतं? माझंच. पुढच्या वेळी मी कुठे जन्मेन, एवढाच प्रश्न. माझ्या मुलाचं काय? तो त्याचं कर्म घेऊन आलेला आहे, त्याचं तो बघेल. म्हणजे परलोकाचा विचार माणसाला आपोआप पुढच्या पिढीकडे नेतोच असं नाही. कित्येकदा तो त्याला परत स्वतःकडेच आणून सोडतो. पुण्यासाठी लोकांनी विहिरी खणल्या, आंबराया लावल्या, धर्मशाळा बांधल्या हे खरं आहे, आणि त्यांचा उपयोग पुढच्यांना झाला हेही खरं आहे. पण त्याच विहिरींवर कोणाला येऊ द्यायचं नाही हेही त्याच हिशेबाने ठरत होतं.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी लोकांकडून 22 प्रतिज्ञा म्हणून घेतल्या. त्यातली सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे. ही प्रतिज्ञा आपण वाचून पुढे जातो, पण ती जबरदस्त आहे. पिंडदान म्हणजे मुलाने बापाला द्यायचं देणं. मूल कशाला हवं, तर पाणी द्यायला, हे आपल्याकडे हजारो वर्षं सांगितलं गेलं. मुलगाच हवा या हट्टामागे हेही एक कारण. लाखो माणसांनी एका दिवसात ते देणं रद्द केलं. माझ्या मुला, माझ्या मरणानंतर तू माझं काही लागत नाहीस, असं म्हणण्यासारखंच हे होतं.

त्यांच्या मृत्यूनंतर 1957 मध्ये आलेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये पुनर्जन्माचा प्रश्न त्यांनी सरळ घेतला आहे. आत्म्याचा पुनर्जन्म नाही. पृथ्वी, आप, तेज, वायू ही शरीरातली चार भूतं मेल्यावर आपापल्या साठ्यात मिसळतात आणि त्यांतून नवं काही घडतं. ऊर्जा नष्ट होत नाही, हा विज्ञानाचा आधारही ते देतात. मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ या जन्मी, ही कल्पना ते साफ नाकारतात. मग कर्माचं उरतं काय? तर माणसं येतात-जातात, पण आपण केलेल्या बऱ्यावाईटाचा परिणाम समाजाच्या नैतिक व्यवस्थेवर होतो आणि ती व्यवस्था मागे राहते. बारावीपर्यंतचं फिजिक्स शिकलेल्या कोणालाही हे समजेल. मी माझ्या मित्राला हेच सांगायला हवं होतं, पण टपरीवर सुचलं नाही.

पुढचा जन्म काढून घेतल्यावर काय झालं, हे महाराष्ट्रात डोळ्यांसमोर आहे. ज्या समाजाने परलोकाचा हिशेब बंद केला, त्याने शाळा-कॉलेजात मुलं घालण्यासाठी जेवढी ओढाताण केली तेवढी क्वचितच कोणी केली असेल. 1945 साली स्थापन झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज महाडमध्येही आहे. पिंडाऐवजी आता जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. भाषणं होतात, गेलेल्या माणसाच्या नावाने विहाराला किंवा शाळेला देणगी जाहीर होते. भविष्य म्हणजे पुढचा जन्म, ही समजूत गेल्यावर ती जागा रिकामी राहिली नाही. तिथे मुलं आली.

आमच्या घरी अजून पिंड असतात, कावळा असतो. आजोबांचा दहावा सावित्रीच्या काठी झाला, तेव्हा कावळा शिवेना. झाडावर चार बसलेले, खाली कोणी उतरेना. माहीत असलेला इलाज सुरू झाला. मोठे काका हात जोडून म्हणाले, "आबा, दोन्ही भाऊ एकत्र राहू." कावळा हलला नाही. मग धाकटे काका पुढे झाले. "आबा, पोरीचं शिक्षण सोडवणार नाही. जिथवर शिकेल तिथवर शिकवू." कावळा उतरला. तो भुकेने उतरला, असं मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. पण त्या काठावर जे बोललं गेलं ते ऐका. मेलेल्याला स्वर्गात काय मिळेल हे कोणी बोललं नाही. त्याला जी वचनं दिली ती सगळी मागे राहिलेल्यांबद्दल. श्रद्धाळू घरातसुद्धा मेलेल्या माणसाची अडकलेली इच्छा म्हणजे मुलाबाळांची काळजी, असंच धरलेलं असतं. मला यात विधीच्या आत दडलेली एक जुनी कबुली दिसते. परलोक नंतर आला असेल, ही काळजी आधीची आहे. (ती चुलत बहीण आता बीएस्सी नर्सिंगला आहे. वचन पाळलं गेलं, ते कावळ्यामुळे की काकांमुळे, यावर आमच्यात वाद नको.)

मग ज्यांना मूलच नाही त्यांचं काय? याच कोकणातल्या मुरूडला जन्मलेले र. धों. कर्वे. गणिताचे प्राध्यापक, पक्के नास्तिक. पत्नीच्या संमतीने मूल न होऊ द्यायचं ठरवलेलं आणि तसंच वागलेले. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं. महाडच्या दोन परिषदांच्या मधोमध. पदरचे पैसे घालून, अश्लीलतेचे खटले अंगावर घेऊन, 1953 मध्ये मरेपर्यंत त्यांनी ते मासिक चालवलं. वर्गणीदार मोजके, नोकरी याच कामापायी गेलेली. आपल्यानंतरच्या बायकांचं आयुष्य बाळंतपणात संपू नये, म्हणून निपुत्रिक नास्तिकाने 26 वर्षं घालवली. कर्व्यांना ना वंश पुढे न्यायचा होता, ना स्वर्ग हवा होता.

सॅम्युएल शेफ्लर या अमेरिकन तत्त्वज्ञाने 2013 च्या एका पुस्तकात एक कल्पना मांडली आहे. समजा तुम्ही पूर्ण आयुष्य जगणार आहात, पण तुम्ही मेल्यानंतर तीस दिवसांनी पृथ्वी नष्ट होणार आहे, हे तुम्हाला आज कळलं. तुमचं स्वतःचं काही बिघडलेलं नाही. तरी आज जी कामं करता ती करावीशी वाटतील का? कॅन्सरवर संशोधन, पुस्तक लिहिणं, झाड लावणं, कायदा बदलणं? शेफ्लर म्हणतो, बहुतेकांच्या हातून काम गळून पडेल. कारण आपली कितीतरी कामं एका आयुष्यापेक्षा लांबीची असतात. आपल्यानंतर कोणीतरी असणार, हे आपण न बोलता धरून चाललेलो असतो.

मला हे पटतं, कारण माझं रोजचं काम तसंच आहे. कोड लिहिताना मी शेजारी कमेंट लिहून ठेवतो. ती कोणासाठी? पाच वर्षांनी माझ्या जागी आलेल्या, मी कधीही न भेटणार असलेल्या कोणासाठी. कंपनी त्यासाठी वेगळे पैसे देत नाही. आणि जुन्या सिस्टीममध्ये कोणीतरी नीट लिहून ठेवलेली एक ओळ सापडते तेव्हा त्या अनोळखी माणसाबद्दल जे वाटतं, ते मला श्राद्धाच्या पानावर बसून कधी वाटलेलं नाही.

याची उलटी बाजूही आमच्याच खोऱ्यात आहे. महाडजवळचा सावित्रीवरचा दगडी पूल 1928 मध्ये बांधलेला. त्याच्या गवंड्यांनी पुढच्या दोन-तीन पिढ्यांचा भार त्यात बांधून ठेवला. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो पुरात कोसळला, दोन एसटी वाहून गेल्या. 88 वर्षं कमानी उभ्या राहिल्या. मधल्या पिढीकडे फक्त वेळेवर त्यांच्याकडे बघण्याचं काम होतं.

शेवटी ज्यांच्यामुळे परिषद महाडलाच झाली, त्या रामचंद्र बाबाजी मोरे यांच्याकडे येतो. जन्म 1903, महाडजवळच्या लाडवलीचा, वाढले दासगावला. लहानपणी महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. त्यांचं पत्र वर्तमानपत्रात छापून आल्यावर प्रवेश मिळाला, पण वर्गात वेगळं बसावं लागलं. महाडला परिषद घ्यायची, बाबासाहेबांना आणायचं, ही खटपट त्यांची. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते, माझ्यापेक्षा लहान. 1930 मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले. बाबासाहेबांबद्दलचा आदर सोडला नाही आणि पक्षाला जातीच्या प्रश्नाची आठवण करून द्यायचंही सोडलं नाही, जरी ती ऐकली गेली असं म्हणवत नाही. परलोक, पुण्य यांना त्या माणसाच्या जगात जागा नव्हती. पैसा नव्हता, सत्ता आली नाही, क्रांती झाली नाही. तरी 1965 मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी 'जीवनमार्ग' हे साप्ताहिक सुरू केलं.

मोरे आत्मचरित्र लिहीत होते. ते पुरं व्हायच्या आत 11 मे 1972 ला गेले. राहिलेला भाग त्यांच्या मुलाने, सत्येंद्र मोरे यांनी, वडिलांचं चरित्र म्हणून लिहिला. पहिल्या भागात 'मी' आहे आणि दुसऱ्या भागात 'ते'. दोन्ही भाग एकाच पुस्तकात आहेत.